खाडीचा धक्का कोणी बांधावा?

मढ आणि वेसावे या दोन गावांमधील अंतर किती, या प्रश्नाची उत्तरे दोन आहेत. होडीने गेल्यास काही मिनिटे. रस्त्याने गेल्यास मालाडवरून 20 किलोमीटरांहून अधिक वळसा! म्हणूनच या खाडीवरील तर ही मासळीची पाटी घेऊन निघालेल्या कोळणीची नित्याची वाट आहे आणि सुटीच्या दिवशी सागरतीरी विहार करावयास जाणाऱ्या मुंबईकरांचीही वाट तीच आहे. परंतु होडी कितीही उत्तम असली, तरी तीत चढावयास व उतरावयास पक्की जागा नसेल, तर प्रवास सुखाचा कसा व्हावा? ही जागा बांधावयाची कोणी आणि कोणाच्या पैशाने, हा प्रश्न मुंबईच्या इतिहासात फार जुना आहे.

खाडीच्या मुखाशी उभा असलेला मढचा किल्ला पोर्तुगीजांचा. 1739 साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला आणि 1774 साली साष्टीबरोबर इंग्रजांच्या हाती गेला. राज्ये बदलली, तरी खाडीचे मुख राखण्याची निकड प्रत्येकास होती. उतारूंची सोय हा राज्याच्या कर्तव्याचा भाग होय, ही कल्पना रुजावयास मात्र पुढे बराच काळ जावा लागला.

तोवर मुंबईने दोन मार्ग पाहिले. माहीम व वांद्रे यांच्यामधील खाडी होडीने ओलांडावी लागे. तेथे 1845 साली रस्ता खुला झाला तो लेडी जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या सुमारे दीड लाख रुपयांच्या देणगीमुळे. हा दानाचा मार्ग झाला. दुसरा मार्ग उद्योगाचा. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी मुंबई बंदरात धक्का बांधला आणि 'भाऊचा धक्का' हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. परंतु दान लाभावयास दाता हवा, आणि उद्योगाला नफा. खाडीकाठच्या कोळीवाड्याला यांपैकी काय मिळणार?

तिसरा मार्ग कायद्याने दाखविला. मुंबई इलाख्यात तरींविषयीचा कायदा 1868 साली झाला आणि 1869 साली स्थानिक फंडाचा. तरींचे उत्पन्न स्थानिक फंडात जमा होऊ लागले. तत्त्व उत्तम होते. पण याच फंडावर रस्ते, शाळा आणि दवाखाने यांचाही हक्क होता. सारांश, होडीच्या उतारूने दिलेला पैसा त्याच्याच पायाखालच्या पायऱ्यांवर खर्च होईल, याची शाश्वती नव्हती.

पुढे शहर वाढले. बृहन्मुंबईची हद्द 1950 साली जोगेश्वरीपर्यंत आणि 1957 साली दहिसरपर्यंत गेली. म्हणजे सात वर्षे या एकाच खाडीचा एक काठ महानगरपालिकेत, तर दुसरा तिच्या बाहेर होता. धक्का हा ना धड रस्ता, ना धड नौका. त्यामुळे त्याची जबाबदारी एकाने दुसऱ्यावर ढकलणे नेहमीच सोपे. 1996 साली महाराष्ट्र सागरी मंडळ स्थापन झाले आणि लहान बंदरे व जेट्ट्या यांना एक धनी मिळाला. 2015 पासून केंद्राच्या सागरमाला योजनेतून जेट्ट्यांसाठी अर्थसाहाय्याची वाटही मोकळी झाली.

तथापि पैसा मंजूर होणे आणि पाय कोरडा राहणे, यांत अंतर आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहूनही अधिक होतो. भरतीला सोयीची पायरी ओहोटीला उंच टांगलेली राहते आणि खाली उरतो तो गाळ. म्हणून येथे एकदा धक्का बांधून भागत नाही. पायऱ्या निरनिराळ्या पातळ्यांवर हव्यात किंवा पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता फलाट हवा, आणि गाळ तर पुनःपुन्हा उपसावा लागतो. बांधकामाचा खर्च एकदाचा. निगेचा खर्च नित्याचा. उद्घाटनाचा समारंभ पहिल्याचा होतो, दुसऱ्याचा कधीच होत नाही!

वेसावे आणि मढ यांना जोडणारा पूल महानगरपालिकेने योजिला आहे. तो झाल्यावर धक्क्याची गरज संपेल, असे कोणास वाटेल. पण पुलावरून माणसे जातील. मासेमारीच्या होड्या काठालाच लागावयाच्या. सहलीच्या नौकांसाठी पैसा जरूर खर्च व्हावा, परंतु तो खर्च करताना जुन्या उतारूला बाजूस सारले, तर ते लोकहिताचे काम कसे म्हणावे? ओहोटीच्या वेळी डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण न घसरता ज्या पायरीवरून चढेल, त्या पायरीवर सहलीला आलेले मूलही निर्धास्त पाय ठेवील.