डॉ. श्रीराम लागू यांची अभिनय-कारकीर्द आणि नाशिकचे नाटककार

प्रस्तावना :
नटाच्या कारकिर्दीचा इतिहास बहुधा चित्रपटांच्या आधारे मांडला जातो. चित्रफीत टिकते, रंगमंचावरील प्रयोग मात्र पडदा पडताच संपतो. साधनांच्या या विषमतेमुळे नटाचे मूल्यमापन एकांगी होण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात डॉ. श्रीराम लागू (1927-2019) यांच्या कारकिर्दीचा या दृष्टीने विचार केला आहे.

रंगभूमी :
सातारा येथे जन्मलेल्या डॉ. लागूंनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले व कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून पुण्यात आणि आफ्रिकेत व्यवसाय केला. नाटक तोवर हौशी पातळीवर होते. 1969 मध्ये ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकाद्वारे ते पूर्णवेळ नट झाले. या नाटकाचे लेखक वसंत कानेटकर हे नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. 1970 मध्ये नाशिकच्याच वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले. त्यातील गणपतराव बेलवलकर हा निवृत्त नट आपली मिळकत मुलांना वाटून टाकतो आणि अखेरीस निराधार होतो. पाठोपाठ 1972 मध्ये कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’ मधील नानासाहेब भानू त्यांनी साकारले. महर्षी कर्वे यांच्या जीवनावरून सुचलेली ही व्यक्तिरेखा होय. पन्नाशी गाठण्यापूर्वीच या नटाने वार्धक्याची दोन भिन्न रूपे उभी केली, ही बाब लक्षणीय आहे.

चित्रपट :
‘पिंजरा’ (1972) मध्ये स्वतःच्याच खुनाच्या आरोपात सापडणारा मास्तर आणि ‘सिंहासन’ (1979) मधील महत्त्वाकांक्षी मंत्री या मराठी भूमिकांना विस्तार होता. हिंदी चित्रपटसृष्टीत मात्र त्यांच्या वाट्याला बहुतांशी वडील, न्यायाधीश, डॉक्टर अशा दुय्यम चरित्र-भूमिका आल्या. ‘घरौंदा’ (1977) याला अपवाद ठरला. त्यातील प्रौढ उद्योगपतीस मनाचा तळ असल्याने त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार लाभला. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (1982) मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांची छोटी भूमिकाही त्यांनी संयमाने केली.

निष्कर्ष :
नट एकच होता. फरक संहितेत होता. हिंदी पडद्याने त्यांना बहुधा माणसाचे एखादे अंग दिले, तर नाशिकच्या दोन लेखकांनी संपूर्ण आयुष्य दिले. ज्या चित्रपटांवरून त्यांना देशभर ओळखले गेले, त्यांतील बहुसंख्य भूमिका त्यांच्या कुवतीच्या मानाने लहान होत्या. ‘नटसम्राट’ पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी यांनीही केले. 2016 मध्ये त्यावर चित्रपट निघाला. तथापि 1970 च्या मूळ प्रयोगाचा अनुभव पुन्हा घेता येत नाही. म्हणूनच चरित्र अभिनेत्याचा इतिहास लिहिताना चित्रपटांच्या यादीइतकेच नाट्यसंहिता आणि प्रेक्षकांच्या आठवणी यांना साधन म्हणून स्थान देणे अगत्याचे आहे. त्या आठवणी सांगणारी पिढीही आता विरळ होत चालली आहे.