गाजर गवत
गाजर गवत : (काँग्रेस गवत, चटक चांदणी, लॅ. पार्थेनियम हिस्टेरोफोरस, कुल–ॲस्टरेसी). बागेचे वाफे, पडीक जमिनी व रस्त्यांच्या कडेला माजणारे वर्षायू आक्रमक तण (पहा : तण). मूळस्थान उष्ण कटिबंधीय अमेरिका. भारतातील त्याचा प्रसार १९५५ मध्ये पुणे येथे प्रथम लक्षात आला. कोवळ्या रोपाची पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात व गाजराच्या पाल्यासारखी दिसतात. पुढे खोड सु. १ मी. किंवा अधिक वाढते. फुलोरे लहान, पांढरे. एका झाडाला हजारो बिया येतात. पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचादाह होतो, तर परागांमुळे श्वसनविकार उद्भवतात (पहा : अधिहर्षता).

परसबागेत फुलोऱ्यापूर्वीच, माती ओली असताना, हातमोजे घालून झाड मुळासकट उपटणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. नुसते छाटल्यास बुंध्यातून नवे फुटवे येतात. कोवळ्या झाडांचे कंपोस्ट करता येते. फुलावर आलेली झाडे मात्र खड्ड्यात टाकू नयेत, कारण त्यांचे बी खतातून पुन्हा वाफ्यात येते. मोकळ्या मातीवर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन केल्यास उगवण घटते. कुंपणालगत टाकळा वाढू दिल्यास तो या तणाला दडपतो (पहा : टाकळा). जैव नियंत्रणासाठी मेक्सिकन भुंगेरा १९८४ मध्ये बंगळूर परिसरात सोडण्यात आला. तो व त्याच्या अळ्या पावसाळ्यात पाने फस्त करतात.