टांगलेल्या दोऱ्यांचे गणित

टांगलेली साखळी जो वक्र धारण करते, तोच उलथून उभा केला असता कमान केवळ दाबावर तगून राहते, हे तत्त्व रॉबर्ट हूक याने १६७५ साली अक्षरकूटात दडवून प्रसिद्ध केले. परंतु इमारतीचे रूपच भाराकडून शोधून घेण्याची तजवीज खऱ्या अर्थाने अंमलात आणली ती आन्तोनी गौदीने. बार्सिलोनाजवळील कोलोनिया ग्वेलच्या प्रार्थनामंदिरासाठी त्याने दोऱ्या टांगून, त्यांना शिशाच्या छर्ऱ्यांच्या पिशव्या बांधून, वर्षानुवर्षे एक उलटी प्रतिकृती सिद्ध केली. एका पिशवीचे वजन बदलले की सारे जाळे आपोआप नवा समतोल शोधी, आणि इतका गुंतागुंतीचा हिशेब कागदावर मांडणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. १९१४ साली काम थांबले व केवळ तळमंदिर पुरे झाले, ही वास्तुकलेची मोठीच हानी होय.

म्युनिचच्या १९७२ च्या ऑलिंपिक छतासाठीही प्रथम प्रतिकृतीच बांधल्या गेल्या. मात्र पोलादी दोरांची लांबी नेमकी ठरविण्यास त्यांवरील मोजमाप अपुरे पडू लागले, तेव्हा लिंकविट्झ आणि शेक या संशोधकांनी प्रत्येक दोरातील ताण व लांबी यांचे गुणोत्तर आधीच निश्चित करून समतोलाची समीकरणे एकघाती केली व गणकयंत्राच्या स्वाधीन केली. आज वास्तुविद्येचा विद्यार्थी पडद्यावर जाळे ताणून पाहतो, त्यामागे अनेकदा हीच युक्ती असते.