इंदूरचा खड्डा आणि कार्बनचा भाव

सध्या गावोगावी कार्बन क्रेडिटचे फॉर्म भरून घेणं चालू आहे. शेणखत टाका, नांगरट कमी करा, पाचट जाळू नका, पैसे मिळतील म्हणे. योजना नवी आहे, पण काडीकचरा मातीत मुरवायचं शास्त्र शंभर वर्षांपूर्वी होळकरांच्या इंदुरात उभं राहिलं. म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट.

१९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ बिहारातलं पुसा सोडून इंदूरला आला. होळकर दरबारानं जागा दिली, संशोधन मुख्यतः कापसावर. अडचण आजचीच होती. शेण गोवऱ्या होऊन चुलीत जायचं आणि रान उपाशी राहायचं. पऱ्हाट्या-तुराट्या तर कुजता कुजत नाहीत. यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. पऱ्हाट्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरायच्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चेचल्या जायच्या. मग तोच चुरा गोठ्यात बैलांखाली अंथरायचा म्हणजे मूत्र मुरतं. पुढे उथळ खड्ड्यात कचरा, शेण, मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर, वर पाणी आणि तीनदा पलटी. पलटी हवा खेळावी म्हणून. हवा कोंडली की मिथेन तयार होतो, आणि तो तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जहाल. तीन महिन्यांत खत तयार!

ही पद्धत १९३१ च्या पुस्तकातून जगभर गेली. लेखक दोन होते, हॉवर्ड आणि संस्थेत रसायनशास्त्राचं काम पाहणारे यशवंत वाड. हॉवर्ड पुढे 'सर' झाले, वाडांचं नाव आपल्याकडेही कोणी घेत नाही. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनीही हे काम पाहिलं.

आता हिशोबाकडे. १९९७ च्या क्योटो करारातून कार्बनचा बाजार उभा राहिला, पण त्याच्या पहिल्या टप्प्यात आपल्यासारख्या देशांतल्या जमिनींपैकी फक्त नव्यानं झाडं लावलेल्या जमिनीला क्रेडिट होतं. शेताच्या मातीत मुरलेला कार्बन मोजलाच गेला नाही. आपल्या केंद्र सरकारनं शेतीसाठी ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा आणला तो थेट जानेवारी २०२४ मध्ये.

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. खरी मेख पुढे आहे. क्रेडिट मिळतं ते 'नव्यानं' केलेल्या बदलाला. म्हणजे कालपर्यंत पाचट पेटवणारा आज थांबला तर पात्र. ज्या म्हातारीनं चाळीस वर्षं उकिरडा राखला, काडी जाळली नाही, ती मात्र बाद! बाजाराच्या नियमाला हे धरून असेल, पण मला हे पटत नाही. जुन्या कामाला क्रेडिट नाही तर नाही, निदान सरकारनं वेगळं अनुदान तरी द्यावं.

दुसरं, दोन एकरवाल्याच्या वाट्याला क्रेडिटं येऊन येऊन येणार किती? त्यातून माती तपासणी, पडताळणी आणि मधल्या माणसांचा वाटा जायचा. फॉर्म भरू नका असं मी म्हणत नाही. पण तपासणीचा खर्च कोणाचा, करार किती वर्षांचा, मध्येच रान विकलं किंवा खंडानं दिलं तर काय, हे लेखी मागा. येत्या ग्रामसभेत मी हेच विचारणार आहे. कोणाकडे कराराची मराठी प्रत असेल तर त्याआधी मला पाठवा.