खाचरापर्यंतची वाट

सावित्री आणि भारजा या नद्यांच्या मधल्या डोंगरउतारावर, म्हणजे मंडणगड तालुक्यात, भातशेती एकराच्या हिशेबात सांगून भागत नाही. सातबाऱ्यावर वीस गुंठे दिसतात. जागेवर ती एकाखाली एक उतरत गेलेली आठ-दहा खाचरं असतात. शेती अवजारांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याचं स्वागत मी मुद्दाम इथून करतो आहे, कारण या शास्त्राची बहुतेक पुस्तकं सपाट रानात बसून लिहिलेली आहेत.

मूळ गणित सोपं आहे: अवजाराची रुंदी गुणिले वेग. मीटरभर रुंदीचं रोटरी ताशी दोन किलोमीटरने चाललं, तर तासाला वीस गुंठे. मोठ्या शेतात वळणांचा वेळ वजा जाऊनही पंधरा-सोळा पदरात पडावेत. दोन गुंठ्यांच्या खाचरात मात्र यंत्र जरा लयीत येतं न येतं तोच बांध! मग फळ्या टाका, मागून धरा, खाली उतरवा. कोपरे राहतात ते कुदळीनेच. पॉवर टिलरचं वजन चारशे किलोच्या घरात, छोट्या पॉवर वीडरचं शंभराच्या आसपास. दुसरं चौघे मिळून उचलतात, पहिलं बांधावर अडलं की अडलंच. म्हणून इथे अश्वशक्तीच्या आधी वाट बघायची.

खर्चाचंही तसंच. चिखलणीचं यंत्र वर्षातून मोजके दिवस चालतं, घसारा आणि व्याज बाराही महिने चालू. सावडीने घ्यावं म्हटलं, तर पाऊस सगळ्यांच्या खाचरात एकाच आठवड्यात भरतो आणि यंत्र सगळ्यांनाच त्याच दिवशी हवं असतं. सरकारी अनुदानाने किंमत उतरते. ऐन लावणीत तुटलेला पट्टा मात्र अनुदानाने गावात येत नाही. तरीही यंत्र हवंच. तरणी माणसं मुंबईला, गोठ्यात बैल उरले नाहीत. जोत धरायचं कोणी?

शेजारच्या दापोलीत 1972 साली कृषी विद्यापीठ सुरू झालं. तिथल्या संशोधनातली मला सर्वांत आवडणारी दोन अवजारं बिनइंजिनाची आहेत. वैभव विळ्याला दाते असतात. घाव घालायचा नाही, मूठ धरून ओढायचं. मनगटाला हिसका कमी बसतो आणि धार लावायला सारखं उठावं लागत नाही. नूतन झेला आंबा देठासकट उतरवतो, त्यामुळे चीक सालीवर ओघळून डाग पडत नाहीत. दोन्ही अवजारं कामाच्या नेमक्या एका क्षणाकडे बघून घडवलेली आहेत. एवढं निरीक्षण ज्याला जमलं, त्याला ट्रॅक्टरचं माहितीपत्रकही नीट वाचता येईल, असं माझं मत आहे.

म्हणून पहिलं प्रकरण विळ्याचं. पॉवर टिलर तिसऱ्यात येतो. तोवर वाचकाने आपल्या प्रत्येक बांधाची उंची, पायवाटेची रुंदी आणि पावसाळ्यात पाय किती खोल रुततो, हे टेपने मोजून वहीत लिहून ठेवावं.