वायपरची वंशावळ

पानिपतावर कोण कुठे चुकलं, हे आमच्या शाखेत कोणीही सांगेल. लंच टाइम कमी पडतो, एवढंच. पण मोटारीच्या काचेवर इकडून तिकडे डोलणारा तो काळा दांडा कोणी शोधला, असं विचारा. सगळे एकदम लेजरमध्ये डोकं घालतात.

मला ही चौकशी पडायचं कारण माझा भाचा. तो फ्लोरिडात असतो. आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, तसं तिथलं हरिकेनचं वर्ष १ जूनला उघडतं आणि ३० नोव्हेंबरला बंद होतं. मे महिन्यात त्याचा फोन आला, "मामा, वायपरचं रबर बदललं, काचेवर खडा उडून टवका गेला होता तोही भरून घेतला. तसाच ठेवला तर तडा पसरत जातो." लोक मे महिन्यात लोणची घालतात, हा काचा भरतो! मी पडलो बी. कॉम. मला आधी ओपनिंग बॅलन्स लागतो. ही भानगड सुरू कोणी केली?

तर केली एका बाईने. अलाबामाच्या मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या. ट्रामचा ड्रायव्हर बर्फ पडताना काच उघडून, कुडकुडत गाडी हाकताना त्यांनी पाहिला. बाकीचे उतारूही पाहत होते, पण त्यांनी बहुधा फक्त उशीर पाहिला. बाईंनी रबराची पट्टी लावलेला दांडा काढला, आतून हाताने फिरवायचा. १० नोव्हेंबर १९०३ रोजी पेटंट मिळालं. १९०५ साली त्यांनी ते एका कॅनेडियन कंपनीला देऊ केलं, तर उत्तर आलं की यात धंद्याच्या दृष्टीने काही अर्थ नाही. हे वाचून मला आमच्या लोन विभागाची आठवण झाली. १९२० साली पेटंटची मुदत संपली आणि मोटारी मात्र लाखांनी वाढल्या. बाईंना त्यातून दमडी मिळाली नाही. १९५३ साली त्या वारल्या; संशोधकांच्या राष्ट्रीय मानकऱ्यांत नाव लागलं २०११ साली. खातं बंद झाल्यावर अठ्ठावन्न वर्षांनी व्याज!

पुढे वायपर इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्युमवर चालू लागले. हे प्रकरण फार मानी होतं. गाडी चढाला लागली किंवा पावसात ट्रकला मागे टाकायला ॲक्सिलरेटर दाबला, की वायपर नेमकी तेव्हाच मान टाकायचे.

थांबून थांबून पुसणारा वायपर रॉबर्ट कर्न्स यांचा. १९५३ साली लग्नाच्या रात्री शॅम्पेनचं बूच उडून त्यांचा डावा डोळा अधू झाला. डोळा पाहिजे तेव्हाच मिटतो, मग वायपरने सारखं का हलावं? त्यांनी वायपरला पापणीचं शहाणपण शिकवलं आणि मग मोटार कंपन्यांशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. १९९० साली फोर्डकडून त्यांना १ कोटी २ लाख डॉलर मिळाले. अँडरसनबाईंच्या मानाने बरं म्हणायचं.

आता काच. फ्रान्सच्या एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून १९०३ साली प्रयोगशाळेत काचेचं भांडं पडलं. तडकलं, पण विखुरलं नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा सुकलेला होता. माझ्या हातून कपबशी फुटली की बोलणी मिळतात. यांना १९०९ साली पेटंट मिळालं. दोन काचांमध्ये पापुद्रा, हीच आजच्या पुढच्या काचेची आजी. बाजूच्या काचांची जात बहुतेक गाड्यांत वेगळी असते. त्या फुटल्या की खडीसाखरेसारखा चुरा होतो.

२४ ऑगस्ट १९९२ ला 'अँड्र्यू' हरिकेन दक्षिण फ्लोरिडावर आलं. खिडकी फुटली की वारा घरात शिरतो आणि आतून छप्परच उचलतो, हे हजारो कुटुंबांनी तेव्हा पाहिलं. त्यानंतर तिथले बांधकामाचे नियम कडक झाले. खिडक्यांना झडपा लावा, नाहीतर मार सोसणारी काच बसवा. अशा काचेवर चार किलोचा लाकडी वासा ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने तोफेतून मारून बघतात. पास झाली तर घरात प्रवेश. मोटारीची सँडविच-काच अशी घराला लागली.

आणि तरी लोक काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारतातच. टेपने काचेला ताकद येत नाही; उलट फुटलीच तर तुकडे मोठे आणि धारदार सुटतात, असं तिथले जाणकार ओरडून सांगतात. भाचा म्हणतो, गाडी झाडापासून लांब आणि उंचावर लावायची, काचा गच्च बंद करायच्या, आणि वादळात ती चालवायची नाही. ताशी अडीचशे किलोमीटरच्या वाऱ्यात कुठला वायपर काय पुसणार?

त्याच्या शेजारच्या आजोबांनी गेल्या ऑगस्टात गाडीच्या सहाही काचांना फुल्या मारल्या. वादळ दुसरीकडे वळलं. टेप पाहूनच वळलं, असं आजोबा सांगतात. गोंद खरवडण्यात मात्र त्यांचा अख्खा सप्टेंबर गेला.