कार्यानुभव की मजुरी? : शहापूर–मुरबाडच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे मुख्यतः भातशेतीचे तालुके असून तेथे आदिवासींची लक्षणीय वस्ती आहे. शहापूर तालुक्यातून मध्य रेल्वेचा कसारा मार्ग व मुंबई–नाशिक महामार्ग जातो, तर मुरबाड येथे औद्योगिक वसाहत आहे. कारखाने, भातगिरण्या, वेल्डिंगची व पंपदुरुस्तीची दुकाने ही कामाची ठिकाणे त्यामुळे अनेक माध्यमिक शाळांच्या आवाक्यात आली आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना, सुट्टीच्या काळातही, प्रत्यक्ष व्यवसायाच्या ठिकाणी शिकण्याची संधी द्यावी असे सुचविले. तथापि, मुलाने कामावर जाणे ही या भागात नवी गोष्ट नव्हे. म्हणूनच शिकण्यासाठीचे काम व पोटासाठीची मजुरी यांतील सीमारेषा हा येथे कळीचा प्रश्न ठरतो.

वर्धा परिषद व नंतरचा काळ

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. शिक्षण हस्तव्यवसायाच्या माध्यमातून द्यावे व मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा, ही कल्पना तेथे चर्चिली गेली. प्रा. के. टी. शहा यांनी स्वावलंबनाच्या मुद्द्यास विरोध केला. झाकीर हुसेन समितीनेही आर्थिक बाजूवर अतिरिक्त भर दिल्यास शैक्षणिक हेतू मागे पडेल, असा इशारा दिला. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’, तर ईश्वरभाई पटेल समितीने (१९७७) ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही संकल्पना मांडली. मात्र बहुसंख्य शाळांत हे विषय वेळापत्रकातील एखाद्या तासिकेपुरतेच उरले.

वीटभट्टीचा अनुभव

ठाणे जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर स्थलांतर करीत आली आहेत. आईबापांबरोबर मुलेही जात व त्यांची शाळा सुटे. १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला, तरी उचलीचे ओझे संपले नाही. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच ‘भोंगाशाळा’ चालविल्या. तेथे शाळा कामाच्या ठिकाणी गेली ती मुलाला कामातून सोडविण्यासाठी, ही बाब लक्षणीय आहे.

पाबळचा प्रयोग

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. आठवी ते दहावीसाठी तेथे विकसित झालेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञान’ या अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग होते. विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस हे काम करीत. स्थानिक कारागीर व व्यावसायिक निदेशक म्हणून शिकवीत आणि विद्यार्थी गावाला उपयोगी पडणाऱ्या सेवा देत. काम खरे होते. परंतु त्याचा दिवस, हेतू व मूल्यमापन शाळेच्या हाती होते. वर्ध्याच्या आक्षेपाला हे व्यवहारातून मिळालेले उत्तर होय.

निष्कर्ष

वरील इतिहासावरून असे दिसते की, काम व शिक्षण यांतील भेद कामाच्या प्रकारावर अवलंबून नसून नियंत्रणावर अवलंबून असतो. वेल्डिंगच्या एकाच दुकानात एक मुलगा विद्यार्थी असू शकतो व दुसरा स्वस्त मजूर. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना, कौटुंबिक व्यवसायातील मदतीसारखे अपवाद वगळता, कामास लावण्यास व १४ ते १८ वयोगटास धोकादायक कामास लावण्यास मनाई केली. आठवी–नववीची मुले या वयोमर्यादेच्या उंबरठ्यावरच असतात. म्हणून शहापूर–मुरबाडमधील शाळांनी विद्यार्थ्यांना व्यवसायाच्या ठिकाणी पाठविताना कालावधी आधी ठरविणे, शिक्षकाने तेथे भेट देणे, शिकावयाची कौशल्ये लेखी नमूद करणे व उत्पादनाचे उद्दिष्ट न ठेवणे अगत्याचे आहे. ज्या भागात उचलीपायी मुलांच्या शाळा सुटल्या, तेथे विद्यार्थी कामावरून वर्गात परत येतो की नाही, हीच अशा उपक्रमाची खरी कसोटी ठरेल.